खोक्याची मागची बाजू

बाईंच्या हातात कुठलीही वस्तू आली की त्या ती आधी उलटी करायच्या. औषधाची बाटली असो, साडीचा खोका असो, नाहीतर कुणाच्या मुंजीची पत्रिका. पुढे काय छापलंय याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. दुकानदार पुढचं रंगीत चित्र दाखवून गुण गाऊ लागला की बाई तर्जनी हवेत एकदा गोल फिरवायच्या आणि म्हणायच्या, "उलटं करा." मग चष्मा कपाळावर सरकवून, खोका नाकाजवळ धरून, मागचं बारीक अक्षर शेवटपर्यंत वाचायच्या. "पुढची बाजू विकणाऱ्याची असते, भाऊ. आपली मागची."

एकदा आमच्या कचेरीला 'उत्कृष्ट कार्यालय' अशी पितळी ढाल मिळाली. साहेबांनी ती टेबलाटेबलावरून फिरवली. जो तो पुढची अक्षरं वाचून मान डोलावत होता. ढाल टायपिंगच्या खोलीत आली तशी बाईंनी ती उलटी केली. मागे ठाण्याच्या एका दुकानाची चिठ्ठी चिकटलेली होती, आणि चिठ्ठीवर गिऱ्हाईक म्हणून आमच्याच कचेरीचं नाव होतं. बाईंनी ती मोठ्यानं वाचली, टाइप केलेला मजकूर ताडून पाहताना वाचतात तशी, स्वल्पविरामासकट. खोलीत कुणी हसलं नाही. साहेब दारातच उभे होते.

साहेबांनी ते लक्षात ठेवलं. अशा माणसांच्या लक्षात दुसरं फारसं काही राहत नाही.

बाईंचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर आमच्या सोसायटीतल्या चार जणांना पुन्हा तोंडी लावायला विषय मिळेल, आणि तेवढंही सुख त्यांना माझ्या हातून मिळू नये अशी माझी इच्छा आहे. हे सगळं आठवलं की अजून डोक्यात तिडीक जाते. ती बाजूला ठेवून लिहायचा प्रयत्न केला, पण मग लिहायला काही उरेना.

बाई कोपरखैरण्याच्या. सेक्टर पडायच्या आधीच्या कोपरखैरण्याच्या. वडिलांची भातशेती नव्या शहराखाली गेली आणि बदल्यात घरातल्या एकाला नोकरी मिळाली. भाऊ लहान होता, म्हणून ती मॅट्रिक झालेल्या बाईंना मिळाली. टायपिंग शिकून त्या आधी मुंबईच्या आणि मग बेलापूरच्या कचेरीत आल्या. एरवी कचेरीची मराठी बोलायच्या. रागावल्या की मात्र गावची बोली वर यायची, 'आहे'चं 'हाय' व्हायचं, आणि आम्ही समजायचो की आता जपून.

आमची, म्हणजे त्याच कचेरीतल्या लोकांची, सानपाड्याला सोसायटी आहे. ही कल्पना ज्यांनी काढली ते फार दूरदृष्टीचे असले पाहिजेत. कचेरी सुटली तरी माणसाला साहेबापासून सुट्टी मिळू नये, अशी त्यात सोय आहे. साहेब सोसायटीचे अध्यक्ष. बाईंचे यजमान हिशेब विभागात साहेबांच्या हाताखाली, म्हणून सोसायटीचे खजिनदार. मी कचेरीत टपाल सांभाळायचो, म्हणून सोसायटीच्या नोटिसा फळ्यावर लावायचं काम माझ्याकडे. आणि सोसायटीत काहीही नवीन आलं की त्याचं उद्घाटन साहेबांच्या हस्ते. पाण्याच्या पंपाचं झालं. पत्रपेट्यांचं झालं. वॉचमनच्या संडासाला नवं दार बसवलं तेव्हाही फीत कापली गेली, भाषण झालं, टाळ्या झाल्या. त्यानंतर आत पहिलं कोण जाणार या प्रश्नावर मात्र सगळे एकमेकांकडे बघत राहिले.

मग कचेरीत कॉम्प्युटर आले. त्यांच्यासाठी वेगळी खोली, खोलीला एसी, दाराबाहेर चपला काढायच्या. टायपिंगच्या खोलीतला पंखा मागच्या उन्हाळ्यापासून बंद होता. त्याची फाईल तेवढी फिरत होती.

शिकवायला आलेल्या मास्तरांनी टायपिस्ट मंडळींना एक खेळ लावून दिला. पडद्यावर वरून अक्षरं पडतात. जमिनीवर आदळायच्या आत ते अक्षर दाबायचं, की ते फुटतं. बाकीच्या बायका दोन पायऱ्यांत दमल्या. बाई बसल्या त्या बसल्याच. शेवटी यंत्राकडची अक्षरं संपली. पडद्यावर फटाके उडाले आणि इंग्रजीत 'शाबास' अशा अर्थाचं काहीतरी आलं.

जेवणाच्या सुट्टीत बाई माझ्या टेबलाशी आल्या. "भाऊ, तीस वर्षं टाइप करते. चुकलं की लाल गोल होऊन कागद परत येतो. बरोबर असलं की कागद पुढे जातो. शाबास कुणी म्हटलं नव्हतं." जरा थांबून म्हणाल्या, "मशीननं म्हटलं." आणि डबा उघडला.

त्या एका शब्दानं त्यांना नाद लागला. अक्षरांवरून त्या गाड्यांच्या शर्यतीवर गेल्या. बाईंना सायकलसुद्धा येत नव्हती. पण जेवणाच्या सुट्टीत पाच मिनिटांत डबा संपवून त्या चपला काढून एसीत शिरायच्या, आणि पडद्यावरची लाल गाडी वळणावर आली की खुर्चीत स्वतः कलायच्या. गाडी खड्ड्यात गेली की हसायच्या. कचेरीत तोवर त्यांचं हसणं कुणी ऐकलेलं नव्हतं.

साहेबांनी मेमो काढला: कार्यालयीन यंत्राचा करमणुकीसाठी वापर केल्याबद्दल खुलासा करावा. साहेबांच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरवर दिवसभर पत्त्यांचा डाव मांडलेला असतो, हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. पण केबिनमध्ये खेळतात ते चिंतन. मेमोचा कच्चा मसुदा टाइप करायला कुणाकडे आला असेल? बाईंकडेच. त्यांनी तो बिनचूक टाइप केला, सहीला पाठवला, सही होऊन आल्यावर स्वतःच्या नावानं पोच दिली आणि त्याच मशीनवर खुलासा टाइप केला: 'जेवणाच्या सुट्टीत खेळले. आवडले म्हणून खेळले.'

संध्याकाळी सोसायटीच्या जिन्यात मला भेटल्या. "ह्यांच्या मशीनला आता हात लावणार नाही. स्वतःचं आणणार."

"कॉम्प्युटर? कशासाठी?"

"खेळायला," बाई म्हणाल्या. मग आवाज बदलला. "तीस वर्षं बोटं माझी आनि मजकूर ह्यांचा. आता बोटं माझी, मशीन पन माझी. त्याच्यावर कोनाचा मजकूर नाय मारायचा. मना खेलायचं हाय."

ते वर्ष वेतन आयोगाच्या थकबाकीचं होतं. सोसायटीत रोज काहीतरी यायचं. कुणाचा फ्रीज, कुणाची स्कूटर, कुणाच्या बायकोच्या पाटल्या, आणि प्रत्येकाचे पेढे. बाईंनी थकबाकीतले पस्तीस हजार बाजूला काढले आणि मला सांगितलं, "यात बसवायचं. वर एक रुपया नाही. तुम्ही ती मासिकं वाचता ना? चला."

मासिकं मी वाचत होतो हे खरं. छापील दिसेल ते वाचायची मला खोडच आहे. मी त्यांना सांगितलं की कंपनीचा तयार कॉम्प्युटर या पैशात येईल, पण त्यावर पत्रं लिहावीत, फार तर पत्ते खेळावेत. गाडी पळवायची तर सुटे भाग निवडून जुळवून घ्यावा लागेल, आणि पैसा कुठे ओतायचा, कुठे आखडायचा ते आधी ठरवावं लागेल.

"म्हणजे लग्नासारखं," बाई म्हणाल्या. "जेवण चांगलं करायचं, मांडव साधा."

शनिवारच्या सुट्ट्या आम्ही वाशीच्या दुकानांत काढल्या. पहिल्याच दुकानात मालकानं विचारलं, "मॅडम, बेटे के लिए?"

"माझ्यासाठी."

"अच्छा, अकाउंट्स का काम."

"गाडी चलाने का है. रेस."

मालकानं माझ्याकडे बघितलं. "भाईसाब, काम अ‍ॅक्च्युअली क्या है?"

"त्यांनी सांगितलं तेच," मी म्हणालो.

दुसऱ्या दुकानात हेच, तिसऱ्या दुकानात हेच. मुलासाठी कॉम्प्युटर मिळत होता, जावयासाठी मिळत होता, हिशेबासाठी, शिकवणीसाठी, लग्नपत्रिका छापण्यासाठी मिळत होता. पन्नाशीच्या बाईला स्वतःला खेळायचंय म्हटलं की दुकानदार तिच्या डोक्यावरून माझ्याशी बोलू लागायचा. मी दोन ठिकाणी भांडलो. बाई भांडल्या नाहीत. त्या बोट गोल फिरवायच्या. "उलटं करा."

एकानं 'दोन हजार वॅट' असं भलं मोठं छापलेले स्पीकर काढले. बाईंनी खोका उलटा केला. मागे बारीक अक्षरात विजेचा खरा आकडा होता. तेवढ्यात बाथरूमचा बल्बही नीट लागला नसता. "दोन हजारात आमची बिल्डिंग उडंल," बाई म्हणाल्या आणि सगळ्यात स्वस्त, बसके दोन स्पीकर घेतले.

मुख्य प्रश्न थ्रीडी कार्डाचा होता. रस्ता, झाडं, सावल्या पडद्यावर खऱ्यासारख्या उमटवतो तो हा भाग. शर्यतीच्या खेळाचा सगळा जीव त्यात. दुकानदारानं एक स्वस्तातलं दाखवलं, खोक्यावर आग ओकणारी गाडी होती. उलटं केल्यावर मागे एक ओळ सापडली. ती मी मराठीत सांगितली: या कार्डाला स्वतःची मेमरी नाही, कॉम्प्युटरची घेऊन वापरतं.

"म्हणजे शेजारणीकडून रोज साखर आणणार," बाई म्हणाल्या. "नको. दुसरं दाखवा."

दुसरं दुप्पट किमतीचं होतं. ते घेतलं आणि मग कात्री सुरू झाली. पडदा पंधराऐवजी चौदा इंची. प्रिंटर नाही. मोडेम नाही. प्रोसेसर मधला. हार्ड डिस्क लहान. ("मला काय साठवायचंय त्यात?") यावर सगळं बसत आलं होतं, तेवढ्यात बाई कीबोर्डपाशी अडल्या. मी म्हटलं, कुठलाही घ्या. त्यांनी डोळे मिटले आणि काउंटरवरच्या एकेका कीबोर्डवर दहा बोटं चालवली. "हा घसरतो. हा मऊ आहे, भातासारखा. हा." तो नेमका महाग. मग कॅबिनेट, म्हणजे ज्यात हे सगळं बसतं तो पत्र्याचा डबा, जुना घेतला. एका कोपऱ्याला चेपलेला. दुकानदार म्हणाला, दिसायला बरा नाही. बाई म्हणाल्या, "मी पण नाही."

डबा घरी आला तेव्हा त्याच्या मागे, जाळीच्या वर, एक पिवळी पट्टी होती. बाईंनी ती वाचून यजमानांना बोलावलं. "हे वाचलंत का? मागची जाळी झाकू नये. आत गरम होतं."

यजमान म्हणाले, "मागचं कोण वाचतं?" आणि मग, जरा आशेनं, "यात सोसायटीचे हिशेब पण होतील ना गं?"

"होतील. पण करायचे नाहीत."

यजमान वाईट नव्हते. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे तुम्हाला त्यांचा राग येईल, मला अजून येतो. ते भित्रे होते. साहेबांच्या फोनवर उभं राहून बोलणारा माणूस. आणि नवी वस्तू घरात आली, ती साहेबांना न दाखवता राहिली तर साहेबांना काय वाटेल, या काळजीनं त्यांना जेवण गोड लागेना. बाईंना न विचारता त्यांनी रविवारी सकाळी साहेबांना सपत्नीक बोलावलं.

साहेबांच्या सौभाग्यवतींनी कॉम्प्युटरला झूल शिवून आणली होती. झूलच म्हणतो, दुसरा शब्द नाही. जांभळी मखमल, कडेला जरी, जमिनीपर्यंत. देवळातल्या पालखीवर शोभली असती. बाईंच्या बाहेरच्या खोलीत सोसायटीतली वीसेक माणसं दाटीवाटीनं उभी. नारळ फुटला. साहेबांनी अनामिकेनं पडद्याच्या काचेवर कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं आणि बोलू लागले. एकविसावं शतक झालं, ज्ञानाची गंगा झाली, स्त्रीशक्ती झाली. मग म्हणाले, "आणि आनंदाची गोष्ट अशी की उद्यापासून आपल्या सोसायटीची बिलं, सूचना, इतिवृत्तं, सगळं या संगणकावर होईल. आपले खजिनदार आणि बाई ही सेवा विनामूल्य देणार आहेत!"

टाळ्या. यजमान हात जोडून उभे. बाईंना हे त्या टाळ्यांतून कळत होतं.

"बसा बाई," साहेब म्हणाले. "पहिली सूचना माझ्या तोंडून होऊ द्या. घ्या. सर्व सभासदांस कळविण्यात येते की..."

बाई बसल्या. चष्मा सारखा केला. दहा बोटं कीबोर्डवर ठेवली. तीस वर्षं ती बोटं त्या वाक्यानं हललेली होती. मला वाटलं, आताही हलतील.

हलली. आणि ते बसके स्पीकर गुरगुरले. पडद्यावर रस्ता उलगडला, दोन्ही बाजूंना झाडं, झाडांच्या सावल्या रस्त्यावर, आणि आकाशात मधोमध साहेबांचं स्वस्तिक. बाईंनी पदरानं ते पुसलं, कारण वळण दिसत नव्हतं. काचेवर लाल ढग पसरला. त्याच्याखालून गाडी निघाली.

"की येत्या रविवारी..." साहेबांनी आवाज चढवला. गाडीनं गिअर बदलला. "...सकाळी दहा वाजता..." गाडी कठड्याला घासली, ठिणग्या उडाल्या. यजमान पुटपुटले, "अगं, साहेब आहेत." बाई डावीकडे कलल्या, उजवीकडे कलल्या. आमच्याकडे पाठ. सगळी शर्यत त्या खेळल्या, वीस माणसं, फुटलेला नारळ आणि अर्धी सूचना मागे ताटकळत ठेवून. सभात्याग मी पुष्कळ वाचले आहेत. जागेवर बसून केलेला तेवढा एकच पाहिला.

त्या जिंकल्याबिंकल्या नाहीत. शेवटून दुसऱ्या आल्या. खुर्ची वळवून, घाम पुसत, म्हणाल्या, "पेढे घ्या ना सगळ्यांनी."

महिन्याभरात 'प्रशासकीय निकड' निर्माण झाली आणि बाईंची पेणच्या उपकचेरीत बदली झाली. जुन्या फायलींच्या खोलीत. निकड साहेबांची होती, प्रशासन साहेबांचं होतं, सहीही त्यांचीच. टाइप मात्र दुसऱ्या बाईंकडून करून घेतलं, आणि त्यात तीन चुका होत्या.

बाई पहाटे एसटीनं जायच्या, दिवेलागणीला यायच्या. चहा घेऊन अर्धा तास खेळायच्या. मला खिडकीतून इंजिनाचा आवाज यायचा आणि बरं वाटायचं. कुणीतरी फळ्यावर 'आवाजाबाबत' अशी सूचना लावायला दिली. मी ती लावली नाही. सोसायटीतली माझी एकमेव क्रांती.

एका महिनाअखेरीला बाई पेणहून आल्या आणि बघतात तर टेबल रिकामं. जिथे डबा असायचा तिथे धूळ न बसलेला चौकोन.

मी त्या वेळी तळमजल्यावर, सोसायटीच्या ऑफिसात होतो. नोटिसा न्यायला आलो होतो. बाईंचं मशीन तिथे टेबलावर होतं. यजमान दोन बोटांनी बिलं टाइप करत होते, साहेब खुर्ची टाकून बसले होते. पडदा उघडा होता, पण डब्यावर ती मखमलीची झूल नीट, चारी बाजूंनी, मागच्या जाळीसकट ओढलेली होती. आत यंत्र चालू. धूळ जाऊ नये म्हणून. आमच्या लोकांचा आदर म्हणजे झाकणं. टीव्हीला दार, फ्रीजला रुमाल, सोफ्याला प्लास्टिक.

बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. पहिल्यांदा त्यांनी हुंगलं. मग मलाही वास आला, करपल्याचा.

"केव्हापासून चालू हाय?"

"दुपारपासून. साहेबांनी अर्ध्या दिवसाची रजा दिली," यजमान म्हणाले. "सारखं बंद-चालू केलं तर बिघडतं म्हणे. फक्त आजच्या दिवस गं. तू नव्हतीस..."

पडद्यावर बिलाच्या आकड्यांवरून आडव्या रेघा सरकायला लागल्या होत्या. बाईंनी झूल ओढून जमिनीवर टाकली. पत्र्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. एकेक कळ दाबून काहीतरी शोधलं. "माझी गाडी कुठे हाय?"

साहेबांनी उत्तर दिलं, समजुतीच्या सुरात. "ते आम्ही काढून टाकलं, बाई. खेळांमुळे व्हायरस येतो. अहो, एवढं चांगलं यंत्र, त्याचा काहीतरी सदुपयोग..."

"मना कोनी इचारलं?"

"अगं, साहेब आहेत," यजमान म्हणाले.

"तुमचे हायत. माझे नाय."

मग माझ्याकडे बघून त्यांनी बोट गोल फिरवलं. "उलटं करा, भाऊ."

मी वायर काढली, डबा फिरवला. पंपाच्या खोलीतला स्क्रू ड्रायव्हर आणून दिला. बाईंनी झाकण काढलं, आत हात घातला आणि ते दुप्पट किमतीचं कार्ड ओढून काढलं. त्याच्या मधोमध तपकिरी डाग होता, तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखा. बाईंनी कार्ड पदरात गुंडाळलं. बाकी सगळं, पडदा, तो निवडून घेतलेला कीबोर्ड, चेपलेला डबा, तिथेच टाकून त्या वर गेल्या. थोड्या वेळानं पिशवी घेऊन उतरल्या आणि रिक्षा करून कोपरखैरण्याला, भावाकडे गेल्या. परत आल्या नाहीत.

स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज त्यांनी पेणच्या खडखडणाऱ्या मशीनवर टाइप केला. तो टपालात माझ्याच हातातून गेला. एकही खाडाखोड नव्हती.

'कार्डासाठी नवरा सोडला.' सोसायटीत हे वाक्य तयार झालं आणि वर्षभर पुरलं. हसत हसत सांगायचे. सांगणाऱ्यांपैकी एकानं स्कूटर मिळाली नाही म्हणून मुलाचं ठरलेलं लग्न मोडलं होतं, दुसऱ्यानं गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपायी सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं होतं. ते चालतं. वस्तूवरून माणसं तोडायचा हक्क फक्त पुढच्या बाजूच्या लोकांना असतो. एका बाईनं तीस वर्षांत एकदा एक गोष्ट फक्त स्वतःसाठी मागितली, तीही दुसऱ्याच्या कामाला जुंपून, झाकून, करपवून टाकली, आणि वर तिलाच विचारलं की एवढं काय झालं? एकालाही वाटलं नाही की साहेबांना काही विचारावं. मी विचारलं. साहेब म्हणाले, "बायकांचं डोकं फिरतं हो या वयात." पुढच्या सभेत मी फळ्याचं काम सोडलं. कुणाचं अडलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात मी कोपरखैरण्याच्या गावठाणात बाईंना भेटायला गेलो. भावानं घरामागे भाड्यासाठी काढलेल्या खोल्यांपैकी शेवटची. दाराशी सुकट वाळत घातलेली, आत कॉट, स्टोव्ह आणि टेबलावर नवा कॉम्प्युटर. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी पुन्हा सगळे भाग निवडले होते, एकटीनं जाऊन. डब्याची एक बाजू काढूनच ठेवली होती. आतलं सगळं उघडं, आणि त्याच्यासमोर टेबलफॅन. स्वतःला वारा लागत नव्हता. जुनं करपलेलं कार्ड भिंतीवर खिळ्याला टांगलेलं, लोक कॅलेंडर टांगतात तसं.

"दुकानदार आता काय विचारतात?" मी म्हटलं.

"तेच. नातवासाठी का." बाई हसल्या. "मी म्हटलं, हो, लई खेळकर हाय नातू. पैसे कमी केले त्यानं."

मी बसलो असताना त्या एक शर्यत खेळल्या. मधल्या नंबरात आल्या. "आता मधेच येते नेहमी," म्हणाल्या, समाधानानं. मग पडद्याकडेच बघत विचारलं, "ते गोळी घेतात का वेळेवर? रक्तदाबाची?"

"घेत असतील."

"गोळ्यांच्या डब्यात वार लिहून ठेवलेत मी. झाकणाच्या मागं. सांगा त्यांना."

मी सांगितलं. यजमान "बरं" म्हणाले आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले.

बाई गेल्या त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तापाचं निमित्त झालं. भावानं त्या खोल्या पाडून मजले चढवले.

आमच्या सोसायटीच्या ऑफिसात ते पहिलं मशीन मात्र अजून आहे. कार्डाशिवाय पडद्यावर काहीच उमटत नाही, त्यामुळे त्या संध्याकाळपासून ते चालू झालेलं नाही. दुरुस्तीचा ठराव दोनदा एकमतानं मंजूर झाला, पण ठराव म्हणजे काही कार्ड नव्हे. दर खंडेनवमीला यंत्रपूजा होते. साहेब निवृत्त झाले, अध्यक्ष राहिले. ते पडद्यावर कुंकू लावतात, झेंडूचा हार घालतात, दोन शब्द बोलतात आणि ती जांभळी झूल, आता जरी काळी पडलेली, डब्यावर नीट ओढतात. आत कार्ड नाही हे सगळ्यांना माहीत आहे. पुढून छान दिसतं.

गेल्या खंडेनवमीला सगळे पेढे खाऊन गेले, मी चपला शोधत मागे राहिलो. बाईंचे यजमान टेबलामागे वाकलेले दिसले. पाठ धरत, एका हातानं टेबलाचा आधार घेत ते मागची मखमल वर सारत होते. वर सारून त्यांनी ती कपड्यांच्या चिमट्यानं अडकवली. जाळीवरची धूळ रुमालानं पुसली. चिमटा जुना होता, गंजलेला. म्हणजे हे काही पहिलं वर्ष नव्हतं.

मला दया यायला हवी होती. आली ती चीडच. मी म्हटलं, "आता कशाला?"

ते दचकले. मग त्या पुसट झालेल्या पिवळ्या पट्टीवर बोट ठेवून, साहेबांना सांगावं तितक्या अदबीनं म्हणाले,

"अहो, मागे लिहिलंय. झाकू नये म्हणून."